मंगळवार-शुक्रवारची जीप

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वाघबारस

माझी बायको रंजना म्हणाली, राग आला की कागदावर काढ, घरातल्या भांड्यांना आधीच पोचे पडलेत. म्हणून रविनाची अर्धी कोरी राहिलेली गणिताची वही घेऊन बसलोय. पुढची पानं पोरीच्या भागाकारांची, मागची माझी. कल्याणच्या गॅरेजात उस्ताद पण हेच सांगायचा, "नितीन, जो देखा वो लिख. जो सोचा वो मत लिख." पहिलं जमेल. दुसऱ्याचं वचन देत नाही.

तर जे पाहिलं ते. जीप माझ्यापेक्षा सात वर्षांनीच लहान, म्हणजे एकोणतीसची. भिवंडीला भंगारात उभी होती. टेंपोवर घालून घरी साखरशेतला आणली, अंगणात मांडव घातला आणि तीन महिने तिच्या पोटात डोकं घालून बसलो. इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या, ब्रेक नवे केले, वायरिंग स्वतः ओढली. पाड्यातले लोक येऊन बघून जायचे आणि जाताना हसायचे. हसू देत.

हे सगळं बासाठी. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी जव्हारला नेऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. आठला पोचलं तर पलंग मिळतो, नऊ वाजले की दुसऱ्याला देतात. एसटीचा फाटा पाड्यापासून अडीच किलोमीटर, आणि बाला आता अंगण ओलांडताना दम लागतो. म्हणून मी चौदा वर्षांचं काम सोडून घरी आलो.

आज सकाळी जीप एका दमात गेली, एका दमात आली. पावणेआठला दवाखान्यात. माझी छाती फुगली होती.

दुपारी आय वाघदेवाकडून आली ती पानात शेंदूर घेऊन. तेलात कालवलेला, घट्ट. म्हणाली, गुरांना लावला, हिला पण लावते. दिव्यांना लावला, स्टिअरिंगला लावला. मग विचारते, "ही खाती कुठनं?" मी डिझेलच्या टाकीचं झाकण दाखवलं. "मंग हा तिचा तोंड," म्हणाली आणि तीन बोटं भरून झाकणावर ओढली. मी हसलो. बा पण हसला, बऱ्याच दिवसांनी.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बंद पडली. जव्हारच्या अलीकडच्या चढावर. आधी दम गेला, मग दोन गचके, मग गप्प. घरून निघून बरोबर अर्धा तास झाला होता.

डिझेल सकाळीच काठीनं मोजलेलं, अर्धी टाकी. म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली. नट ढिला करून हवा काढली, इंजिनाचा हातपंप मारून मारून अंगठा सोलला. वीस मिनिटांनी चालू झाली, जशी काही झालीच नव्हती. आठ पन्नासला पोचलो. पलंग मिळाला तो नशिबानं.

परत येताना व्यवस्थित. का?

२२ ऑक्टोबर, बुधवार

उस्तादचा नियम, गाडी आधी धुवायची, मग दोष शोधायचा. घाणीखाली दोष लपतो. सकाळी जीप नखशिखांत धुतली, बोळ्यानं डिझेल लावून तेलकट सगळं पुसलं. फिल्टर बदलला, वॉशर बदलले. मग जामसरपर्यंत जाऊन आलो, सव्वा तास. रस्त्यात मुद्दाम चढावर ताणली. खोकली पण नाही.

झालं काम. फिल्टरच होता. रंजना भाताच्या कापणीवरून आली तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता विळा धरायला मोकळा झालास." हिला कशाचं कौतुक नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोनदा बंद पडली. दोनदा!

निघताना आय शेंदूर घेऊन उभीच होती. "मंगळवारी नजर लागली तिला," म्हणाली आणि परत झाकणावर बोटं ओढली. मी घाईत होतो, म्हटलं लाव बाई लाव.

नऊ वीसला पोचलो. पलंग गेला. सिस्टरच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा दुपारी एकचा नंबर दिला. घरी यायला दिवस मावळला.

दुसऱ्या वेळी बंद पडली तेव्हा बा खाली उतरून कडेच्या दगडावर बसला आणि बोलत राहिला. एरवी घरात चार शब्द बोलत नाही. मला आश्रमशाळेत ठेवून आला त्या दिवसाचं सांगत होता. मी सहा वर्षांचा होतो. मला एवढंच आठवतं की त्यानं पाठ फिरवली आणि गेला. तो म्हणतो, कुठल्याशा झाडामागं संध्याकाळपर्यंत बसून होता. की तसंच काहीतरी. माझं डोकं फिल्टरमध्ये होतं, अर्धं ऐकलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

मोखाड्याला पांड्याकडे गेलो. पांड्याचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कुत्रा, पण जुन्या डिझेल गाड्यांचं त्याला कळतं. सगळं सांगितलं. तो पानाची पिचकारी मारून म्हणाला, "तुझी गाडी कुठंतरी श्वासाला अडतेय." मी म्हटलं, श्वासाला अडत नाही, नको तिथं श्वास घेतेय, लाइनमध्ये हवा शिरतेय. तो म्हणाला, "तू कल्याणचा, तुला जास्त कळतं." टोमणा होता. कळला.

डिझेल ओढणाऱ्या पंपाचं दुरुस्तीचं किट घेऊन आलो. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, कुठेच बंद पडली नाही. कालच धुतलेली, चकचकीत दिसत होती.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नवं किट टाकून पण बंद. त्याच चढावर. पंचवीस मिनिटं गेली. पलंग मिळाला.

एक गोष्ट लिहून ठेवतो, लिहायला लाज वाटते तरी. ही जीप फक्त बाला नेताना बंद पडते. जामसरला नाही, मोखाड्याला नाही, परवा धोंडीबाईचं भात खळ्यावर टाकलं तेव्हा नाही. बा बसला की बंद पडते. असं इंजिन नसतं. इंजिनाला काय माहीत आत कोण बसलंय?

शेजारची धोंडीबाई आयला म्हणाली, करणी केलीय कोणीतरी. आय घाबरली. मला विचारत होती, आणखी थोडा लावू का शेंदूर. मी म्हटलं, डबाभर लाव, मला काम करू दे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

करणी म्हणजे भेसळ. माझ्या आधीच का लक्षात आलं नाही?

डिझेल आणतो कोण? दिपेश. माझा चुलतभाऊ, पंपावरून कॅन भरून आणतो. कधी आणतो? सोमवारी आणि गुरुवारी. म्हणजे मंगळवार-शुक्रवारी टाकीत त्याचं डिझेल. रॉकेल मिसळत असणार. मी सरळ त्याच्या अंगणात जाऊन विचारलं. तो भात झोडत होता, पेंढी हातात तशीच. म्हणाला, "दादा, जिव्याकाका माझा पण काकाच हाय ना." मी म्हटलं, म्हणूनच जास्त लागतंय. त्याची बायको ओट्यावर आली, पोरं आली, सगळ्यांसमोर बोललो.

तो पेंढी टाकून आत गेला. रिकामा कॅन आणून माझ्या पायाशी ठेवला आणि परत झोडायला लागला.

उद्या बाला दाभोशाच्या एकाच्या जीपनं नेणार. त्याची वेळ जुळतेय, उद्यापुरती. रोज जुळायची नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल डिझेल मी स्वतः आणलं. पंपावर उभं राहून, नळी बघून, कॅन आधी पुसून. आज बंद पडली.

म्हणजे दिपेश नाही.

त्याची माफी मागायला पाहिजे. उद्या जातो.

बा दगडावर बसून आयचं सांगत होता. लग्न होऊन आली तेव्हा नागलीची भाकर अशी जाड करायची की दोन माणसांना एक पुरायची. हसत होता. वर म्हणतो, "हितं बसला की बेस वाटतंय." माणसाचे पाय सुजलेत, पलंग जाईल की राहील ठाऊक नाही, आणि याला बेस वाटतंय! मी पाना फेकला. तो गवतात गेला, शोधायला दहा मिनिटं लागली. बानंच शोधून दिला.

५ नोव्हेंबर, बुधवार

टाकी उतरवली. धुतली, सुकवली, आत आरसा धरून बघितलं. गंज नाही, कचरा नाही. परत चढवली. गाडी बाहेरून पण धुतली. दीड तास चालवली. मस्त चालते. मला वेड लागायची वेळ आली.

दिपेशकडे गेलो नाही. दमलो होतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बंद. अठ्ठावीस मिनिटांनी. आता मी घड्याळ लावूनच निघतो, ती पण घड्याळ लावूनच बंद पडते.

पावणेदहाला पोचलो. दुपारचा नंबर मिळाला, पण चार तासांऐवजी अडीच तासच मशीन. सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "असं अर्धवट करून चालणार नाही. एखादी पाळी पूर्ण चुकली तर पाणी छातीत चढेल. मग मला सांगू नका." वयानं माझ्यापेक्षा लहान असेल, पण असं बोलली की मी शाळेत उभा असल्यासारखा मान खाली घालून ऐकलं.

रंजना म्हणाली, कल्याणच्या उस्तादला फोन कर. केला. तो म्हणाला, "क्या बदलता है मंगलवार को? वो ढूँढ." काय बदलतं? काही बदलत नाही. तोच रस्ता, तोच मी, तोच बा, तीच आय दारात उभी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं.

सकाळी बाला उलटी झाली, त्या धावपळीत डिझेल मोजायचं राहिलं. चढावर गाडी बंद पडली तशी मनात आलं, आज खरंच संपलं असेल. काठी काढली, झाकण फिरवलं.

टाकीनं श्वास घेतला. सूंऽऽ करून, लांब. पाण्याखालून डोकं वर काढल्यावर माणूस घेतो तसा. मी झाकण हातात धरून तिथंच उभा राहिलो.

झाकणाला मधोमध एक भोक असतं, टाचणीएवढं. इंजिन डिझेल ओढतं तशी टाकीत त्या भोकातून हवा यावी लागते. हवा आली नाही तर टाकी आवळते, डिझेल पुढं सरकत नाही, इंजिन मरतं. थोडा वेळ थांबलं की कुठूनतरी फटीतून हवा शिरते आणि चालू होतं. येताना उतार, डिझेल कमी लागतं, म्हणून तेव्हा धकून जायचं. हे मला पहिल्या वर्षी शिकवलेलं. पहिल्या वर्षी!

भोक बुजलं होतं. शेंदरानं. थरावर थर, नखानं काढला तर पापुद्रा निघाला.

आणि दर वेळी तपासायच्या आधी मी गाडी धुतली. बोळा मारून भोक स्वतःच मोकळं केलं आणि मग दोष शोधत बसलो. मग दवाखान्याचा दिवस आला की आयनं परत लावला. गाडी बंद पडली म्हणून जास्त लावला. जास्त लावला म्हणून बंद पडली.

मी रस्त्यात ओरडलोच. बाला झाकण दाखवलं, भोक दाखवलं. त्यानं भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तिला नको सांगू."

"का नको? कळू दे ना."

"नको सांगू. मंग ती कशालाच हात नाय लावायची."

मी शब्द दिला. काडीनं भोक मोकळं केलं, झाकण लावलं. साडेआठला पोचलो, पलंग मिळाला, येताना घरापर्यंत कुठेच थांबलो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शब्द दोन दिवस टिकला.

आज खळ्यावर आय धोंडीबाईला सांगत होती. मी मागं भाताची पोती उचलत होतो. म्हणाली, "पोरगा चवदा वर्षां शिकून आला, सगळी गाडी खोलली, काय नाय झाला. शेवटी देवाच्या शेंदरानंच चालली. मंगळवारी परत येताना एकदा तरी थांबली का?"

तीन आठवडे सोललेले अंगठे माझे. झोपेत हातपंप मारणारा मी. आणि श्रेय शेंदराला. मी पोतं टाकलं आणि बोललो. म्हटलं, तुझ्या शेंदरानंच बंद पडत होती. हवेचं भोक तू बुजवत होतीस. तूच अडवत होतीस बाला, दर वेळी, तुझ्या हातानं.

धोंडीबाई उठून गेली. आय तशीच बसून होती, मांडीवर सूप. मला वाटलं रडेल किंवा शिव्या देईल. तिनं फक्त विचारलं, "किती वेळा?"

आणि मी सांगितलं. मोजून. वहीत लिहिलेलंच होतं. "सात."

तिनं सूप खाली ठेवलं. अंगणात गेली, पदरानं जीपवरचा सगळा शेंदूर पुसला. दिव्यांचा, स्टिअरिंगचा, झाकणाचा. मग लाकडी फळीवरचा शेंदराचा डबा घेऊन चुलीमागं सारला. संध्याकाळी जेवली नाही.

रंजना माझ्याशी बोलत नाही. मी खोटं काय बोललो? जे होतं तेच सांगितलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बा जीपमध्ये बसायला तयार नाही.

साडेसहाला गाडी चालू करून उभा. इंजिन असं गुरगुरत होतं की ऐकत राहावं. आय आतून बाहेर आली नाही. बा ओट्यावर आला, दाराकडे बघितलं, आणि खाली बसला. म्हणाला, "ती आल्याबिगर मी नाय जायचा."

मी समजावलं, मग ओरडलो, मग हात धरून ओढायला गेलो तर रंजना मध्ये आली. आत जाऊन आयला म्हटलं, चल बाहेर. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझा पाय बाहेर पडला की अपशकून. न्या त्याला तुम्ही. मी नाय दिसत." बाहेर येऊन बाला हे सांगितलं. तो म्हणाला, "एकेचाळीस वर्षां झाली. हिनं दारात येऊन बघितल्याबिगर मी रानात पण गेलो नाय. आता काय म्हातारपणी नवीन शिकू?"

नऊ वाजले. इंजिन बंद केलं.

गाडी ठणठणीत आणि माणूस घरात. आजची पाळी गेली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाली, आता मंगळवारच, मध्ये जागा नाही. दम वाढला तर रात्र-दिवस न बघता उचलून आणा. पाणी मोजून द्या, मीठ बंद.

बाच्या पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो. आय त्याला वाटीनं मोजून पाणी देते. दोघं एकमेकांशी बोलतात, माझ्याशी नाही. बा माझ्यावर रागावलेला पण नाही. तेच जास्त खातंय मला. रागावला असता तर मी पण रागावलो असतो.

दिवसभर जीपभोवती फिरलो. करायला काही नव्हतं. सगळे नट आवळून झाले, परत आवळले.

१६ नोव्हेंबर, रविवार

बा आडवा होऊ शकत नाही, भिंतीला टेकून बसून झोपतो. सकाळी त्याच्या छातीला कान लावला. आत पाणी गुळगुळतंय असं वाटलं. खरंच की माझ्या भीतीनं, ठाऊक नाही. आत्ताच नेतो म्हटलं तर म्हणाला, "मंगळवारी बघू." मला रडायला आलं. जीपच्या पलीकडच्या बाजूला जाऊन रडलो.

रंजना मागून आली. म्हणाली, "गाडीतला दोष सापडला ना तुला?"

"सापडला."

"मग आयला का सांगितलास तो धोंडीबाईसमोर? दुरुस्त करायला, की तुझं नाव व्हायला?"

मी म्हटलं, तू पण सुरू कर आता. ती गेली.  खरं हे की मला ते "सात" म्हणताना बरं वाटलं होतं. एका क्षणापुरतं, पण वाटलं. हे पान रविनाच्या हाती लागायला नको.

डब्यातलं डिझेल काठीनं ढवळत बसलो असताना सुचलं. भोक झाकणातच कशाला पाहिजे?

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहाटेच टाकीच्या तोंडाशी असतो तो डिझेल ओतायचा गळा उतरवला, पांड्याकडे मोखाड्याला नेला. जाण्यासाठी जीप नव्हती, ती तर उघडी पडलेली. दिपेशकडे मोटारसायकल आहे. गेलो त्याच्या अंगणात. म्हटलं, मी तुला चोर म्हटलं, ते चुकीचं होतं, तुझ्या पोरांसमोर म्हटलं ते त्याहून. त्यानं किल्ली आणली. म्हणाला, "बस मागं, मी चालवतो. तू चालवलीस तर बंद पडेल." त्याची पोरं हसली. मी पण हसलो.

पांड्यानं गळ्याला वरून भोक पाडून ब्रेकच्या जुन्या पाइपाचा तुकडा वेल्डिंगचा डाग मारून बसवला. काम बघून म्हणाला, "श्वासाला वाट केलीस म्हण." पिचकारी मारली. ह्या वेळी टोमणा नव्हता.

घरी येऊन गळा चढवला. त्या पाइपाला रबरी नळी जोडून वर नेली, सीटमागच्या पत्र्याला बांधली, तोंडाला जाळी लावली. मग आत गेलो. आय तांदूळ निवडत होती. मी समोर खाली बसलो, झाकण तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. हवा कुठून येते, का लागते. हळू सांगितलं. मला हळू बोलायची सवय नाही, मध्ये मध्ये घाम आला.

म्हटलं, "आता झाकणातून हवा लागतच नाही. तू किती पण लाव."

"माझ्या हातानं नको."

"तुझ्याच हातानं."

ती उठली नाही. मी तिला धरून बाहेर आणली, तरी चार पावलांवर उभी. नळी दाखवली. जवळ आली. वाकून जाळीला कान लावला, मग गाल लावला, मग स्वतःच फुंकर मारून बघितली. एवढी वर्षं गॅरेजात काढली, पोरं कामाला शिकवली, पण असं नीट बघणारं माणूस थोडंच भेटलं.

मग तिनं विचारलं, "आणि हा पाइप बुजला तर?"

हा प्रश्न पांड्याला सुचला नव्हता. मला पण नाही.

"मग ती चूक माझी," मी म्हटलं. "दर सोमवारी आणि गुरुवारी मी फुंकून बघायचं. विसरलो तर माझी."

 तिनं ओट्यावर बसलेल्या बाच्याकडे बघितलं आणि आत गेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय.

सहाला गाडी चालू केली. बा भिंतीला टेकून, ओठ निळसर. मी त्याच्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघत राहिलो. आय बाहेर आली. डबा आणला नव्हता. सरळ सीटमागं गेली, जाळीला तोंड लावून फुंकली, ऐकलं. मग परत आत गेली आणि डबा घेऊन आली. झाकणावर तीन बोटं ओढली, भोकावरूनच.  मग बाला म्हणाली, "ऊठ आता." बा उठला. स्वतः उठला, मदतीला आलेल्या दिपेशनं आणि मी नुसता आधार दिला.

आय पण मागं चढली, बाला सरळ धरून बसायला. जीपमध्ये ती पहिल्यांदाच बसली. चढ आला तसं आम्ही कोणी बोललो नाही. मी तर श्वास पण धरून ठेवला होता. इंजिनानं नाही धरला. सात पंचवीसला दवाखाना.

सिस्टरनं बाला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघितला, पाय दाबून बघितले, आणि तिचा आवाज चढला. पाच किलो पाणी साठलंय, ऑक्सिजन लावावा लागेल, आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं माहीत आहे का? गाडी आहे ना तुमच्याकडे? मग शुक्रवारी का नाही आणलं? कोणाची चूक ही?

बा दम लागलेला तरी बोलायला गेला, "मीच..." त्याच वेळी आय पुढं झाली, "सिस्टर, माझ्या हातानं..."

"माझी," मी म्हटलं. "गाडी ठीक होती. मी यांना आणू शकलो नाही."

सिस्टरनं एकदा माझ्याकडे बघितलं.  मग बाला चाकांच्या खुर्चीत बसवून आत नेलं. आय बाहेर बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि पदरात बांधून आणलेली भाकर सोडून अर्धी माझ्यापुढं धरली. मशीन लावून आता वीस मिनिटं झाली. पूर्ण चार तास देणार आहेत.